त्या तारा कोणत्या होत्या

परभणी,
रविवार, १३ फेब्रुवारी १९९४

प्रिय सूर्यभान,

जय भीम. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले होते. जे लिहिलं ते फाडून टाकलं. बुधवारचंही फाडलं. आज शाळा नाही, झरीची बस धरायची नाही, म्हटलं आतापर्यंत डोकं थंड झालं असेल. झालेलं नाही. तेव्हा रागातच लिहिते आहे, तूही तसंच वाच.

चार पानांच्या पत्रात आईची तब्येत विचारायला तुला एक ओळ पुरली. माझ्यासाठी अर्धी. बाकी सगळं पत्र तारांचं. मुंबईच्या कॅसेटवाल्याने आपली ब्याण्णव सालची कॅसेट ऐकली, त्यातली बेस गिटार त्याच्या मनात भरली, आता नामविस्ताराच्या नव्या कॅसेटवर तस्साच आवाज पाहिजे म्हणून त्याने तुला बोलावलं, इथपर्यंत वाचून मला आनंदच झाला होता. शेजारच्या मालनबाईंना हाक मारून सांगितलंसुद्धा. मग पुढे वाचलं. तू मुंबईत तीन दुकानं पालथी घातलीस. विलायती तारा लावून पाहिल्यास, गुळगुळीत लावून पाहिल्यास, खरखरीत लावून पाहिल्यास, कुणा गोवेकर वादकाच्या वापरलेल्या तारासुद्धा मागून आणल्यास. तो आवाज काही निघेना. म्हणून मला विचारतोस, 'अक्का, नांदेडच्या रेकॉर्डिंगला आपण लावल्या होत्या त्या तारा कोणत्या होत्या? कुठल्या कंपनीच्या? घरात असतील तर ताबडतोब पाठव.'

हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल याला गणती नाही. तारा कोणत्या होत्या हे तू विचारलंस. वाजवत कोण होतं ते नाही विचारलंस.

तू विसरला असशील तर पहिल्यापासून सांगते. मास्तरणीची खोड आहे, समजून घे. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत गावातलं घर जळालं आणि आपण परभणीला आलो, तेव्हा तू दहा वर्षांचा होतास आणि मी सोळाची. बाबांची पेटी गेली, ढोलकी गेली. एक तुणतुणं तेवढं राहिलं, कारण त्या दिवशी ते खिळ्याला नव्हतं, मी अंगणात घेऊन बसले होते. म्हणजे या घरात तार आधी कुणाच्या हाताखाली आली हे लक्षात घे. परभणीत बाबांनी गायन पार्टी पुन्हा उभी केली, जयंतीला, लग्नाला, नामांतराच्या सभांना गायला लागले. पुढे शहाऐंशी साली एक ऑर्केस्ट्रा मोडला, त्यांची कलकत्त्याची बेस गिटार बाबांनी घेतली. त्यांचं म्हणणं, शब्द कानाला लागतात पण खर्ज पोटात वाजला पाहिजे, त्याशिवाय माणूस जागचा उठत नाही. ती गिटार त्यांनी तुझ्या गळ्यात घातली. माझ्या गळ्यात घालावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्यासुद्धा.

तू शिकवणीला जायचास आणि घरी येऊन मला दाखवायचास. तुला दाखवायची भारी हौस आणि बघायला घरात मीच. तू कॉलेजात गेलास की माझी सकाळची शाळा सुटलेली असायची. मी ती गिटार मांडीवर घ्यायचे, जेवण राहून जायचं. दोन महिन्यांत तू चुकलास की मला स्वयंपाकघरातून कळायला लागलं. तेव्हा मी ओरडून सांगायचे आणि तू चिडायचास. आठवतं का? कार्यक्रमात मी मागे कोरसमध्ये टाळ्या वाजवत बसलेली असायचे आणि तुझं बोट घसरलं की माझीच टाळी चुकायची.

तारा आणायचं काम मात्र कायम माझं. पहिली तार तुटली तेव्हा तुला दुकानात जायची लाज वाटली, म्हणून मला पाठवलंस. स्टेशनकडच्या रस्त्यावर बन्सीधरशेटचं दुकान. पेट्या, टाळ, शाळेच्या कवायतीचे ढोल, देवळातल्या झांजा, सगळं होतं, बेसची तार सोडून. त्यांनी मला साध्या गिटारची बारीक तार काढून दिली. मी ती बोटाला गुंडाळून पाहिली आणि म्हटलं, ही नव्हे, याच्या चौपट जाड पाहिजे. ते हसले. कुणासाठी पाहिजे, म्हणाले. मी म्हटलं, भावासाठी. पुढे सात वर्षं मी त्या गल्ल्यासमोर हेच उत्तर देत आले. त्यांनी मुंबईला पत्र टाकायचं, तीन-तीन आठवडे वाट बघायची, मग चार तारांचं एक पाकीट यायचं. हळूहळू मला कळायला लागलं. आतल्या तारेभोवती गुंडाळलेली बारीक तार गोल असेल तर बोटाला खरखर लागते, आवाज खणखणीत निघतो. चपटी गुंडाळलेली असेल तर बोट लोण्यावरून गेल्यासारखं जातं, आवाज मऊ आणि बसका. मैदानात आपल्याकडे ते भोंगे, त्यांच्यातून खर्ज बाहेर पडतच नाही, म्हणून कार्यक्रमाला गोल तारा लागत. तू पत्रात मला 'गोल आणि चपटी यात फरक असतो' असं समजावून सांगितलं आहेस. वा रे वा. तो फरक तुला कुणी शिकवला होता?

आणि नव्या तारा वर्षातून एकदाच परवडायच्या, म्हणून जुन्यांना उकळून जीव आणणं, तेही माझंच. घामाने आणि परभणीच्या धुळीने तार मरते. धुण्याचा सोडा टाकून तिला उकळायची, पाणी काळं झालं की काढायची, कोरड्या फडक्याने पुसून उन्हात टांगायची. मग दोन-चार कार्यक्रम ती पुन्हा बोलते. आईने वरणाच्या पातेल्यात तारा पाहिल्या तेव्हा तिने आठ दिवस मला वेगळं पातेलं घ्यायला लावलं होतं. तू तेव्हा दाराशी उभा राहून हसत होतास.

आता नांदेडचं. तुला जे आठवत नाही ते.

पेटी, ढोलकी आणि कोरस आदल्या दिवशीच रेकॉर्ड करून पार्टी परतली होती, बेससाठी आपण तिघंच थांबलो होतो. रेकॉर्डिंगसाठी बन्सीधरशेटकडून खास नवा संच मागवला होता. मी तुला पन्नासदा सांगितलं असेल, तार खुंटीत घालायच्या आधी जास्तीचं टोक वाकवायचं, मग कापायचं. न वाकवता कापली की आतल्या तारेवरचं वेटोळं सैल होतं आणि तार कोरी करकरीत असूनही मरते. त्या दिवशी सकाळी मी बाबांसाठी औषध आणायला गेले तेवढ्या वेळात तू पक्कड घेतलीस आणि दोन्ही जाड तारा तश्शाच कापल्यास. स्टुडिओत लावल्या तेव्हा त्यांच्यातून बद्द असा आवाज आला, रिकाम्या डब्यावर हात मारावा तसा. स्टुडिओवाला घड्याळाकडे बघायला लागला. बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. माझ्या पिशवीत मी आदल्या आठवड्यात उकळलेल्या जुन्या तारा होत्या, असाव्यात म्हणून आणलेल्या. मी त्या काढून लावल्या, सूर मिळवून गिटार तुझ्या हातात दिली. तू तीन वेळा पहिलं गाणं सुरू केलंस आणि तीनही वेळा मोडलंस. तुझी बोटं धावणारी, तुला दर मात्रेला काहीतरी टाकायची सवय. आणि त्या थकलेल्या तारा, त्यांच्यावर सूर बोटाने दाबून धरावा लागत होता, वाट बघावी लागत होती. चौथ्यांदा तू गिटार खाली ठेवलीस आणि म्हणालास, "अक्का, या तारा मेल्यात. मेल्या तारांवर कुणी वाजवू शकत नाही."

सूर्यभान, ज्या तारा तू आज मुंबईत दुकानोदुकानी शोधतो आहेस, त्या त्याच.

मग बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "सत्यशीला, तू बस." एवढंच. मी पदर खोचला आणि बसले. सहाच्या सहा गाणी मी वाजवली. तू काचेच्या पलीकडे उभा होतास. पहिल्या गाण्यानंतर तू मान खाली घातलीस आणि शेवटच्या गाण्याला तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाहिलंय ते. त्या क्षणी मला तुझी इतकी माया आली होती की काय सांगू. म्हणून तर परतीच्या गाडीत बाबांनी वेष्टनावर नाव कुणाचं घालायचं असं चाचरत विचारलं, तेव्हा मीच म्हणाले, सूर्याचं घाला. तुझं ऑर्केस्ट्रात जमायचं होतं, तुला हातावर पोट भरायचं होतं. मला शाळेचा पगार होता. बाई बेस वाजवते म्हटलं असतं तर लोकांनी गाण्याऐवजी त्याचीच चर्चा केली असती. आणि एकाच घरातलं नाव, तुझं काय आणि माझं काय, असंही मला वाटलं. हे सगळं मी स्वतः बोलले. त्याचा दोष तुला देत नाही, देणारही नाही.

दोष याचा की दिलेलं आहे हे तू विसरलास. आधी मला वाटलं, कॅसेटवाल्यासमोर लाज नको म्हणून तू पत्रातही आडून विचारतो आहेस. मी तुझ्या बाजूने किती कारणं शोधली. पण पत्र फक्त माझ्या नावाने आहे, त्यात लपवायचं कुणापासून? तू लिहितोस, 'तेव्हा माझा हात कसा बसला होता कोण जाणे.' तुझा हात! हे वाक्य खोटं बोलणाऱ्या माणसाचं नाही. हे मनापासून लिहिलेलं आहे. दोन वर्षं लोक सांगत आले आणि तुला खरं वाटायला लागलं. बाबा गेल्या वर्षी गेले. तो स्टुडिओवाला धंदा गुंडाळून कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. म्हणजे आता हे या जगात दोघांनाच माहीत होतं. तुझं पत्र वाचलं आणि कळलं की दोघांनाही नाही, मला एकटीलाच माहीत आहे. मग मी वाजवलं होतं की नव्हतं? बुधवारी खडू धरला होता तो हात पाहत मी वर्गात किती वेळ उभी होते, पोरं हसायला लागली.

चौदा जानेवारीला तू इथे असायला हवा होतास. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, गल्लीत गुलाल, पेढे, म्हातारी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. काही जण चिडलेलेही होते, नामांतर मागितलं होतं आणि हाती विस्तार आला म्हणून. चौकात लाकडी बॉक्स लावून दिवसभर आपली कॅसेट वाजत होती. पहिल्यांदा मी तो खर्ज उघड्यावर ऐकला, छातीत धडधडत होता. माझ्या हातात चहाचा ट्रे. जो तो कप उचलायचा आणि म्हणायचा, सूर्यभानने काय वाजवलंय. मी हो म्हणत होते. सोळा वर्षं या माणसांनी एका नावासाठी मार खाल्ला, घरं घालवली, आणि त्यांच्यातच उभी राहून मी स्वतःच्या नावाबद्दल मूग गिळून चहा वाटत होते. मला त्या दिवशी स्वतःचाच राग आला. मी तर विस्तारसुद्धा मागितला नव्हता कधी.

दुसऱ्या दिवशी मी बन्सीधरशेटकडे गेले. तू नवी गिटार घेतल्यापासून कलकत्तेवाली इथे भिंतीला लटकलेली होती, तिच्यावर दोनच तारा उरलेल्या. त्यांनी विचारलं, "सूर्यभानला धाडायच्या का मुंबैला?" मी म्हटलं, "नाही. माझ्यासाठी." इतकी वर्षं ज्या गल्ल्यासमोर उभी राहिले तिथे हे दोन शब्द मी पहिल्यांदाच बोलले. ते हसतील म्हणून मी तयारीत होते, उत्तरही ठरवून ठेवलं होतं. ते हसले नाहीत. चष्मा वर करून माझ्या डाव्या हाताच्या बोटांकडे त्यांनी पाहिलं, जुने घट्टे आहेत तिथे. मग मागे वळले, दोन पाकिटं काढून समोर ठेवली आणि म्हणाले, "गोल देऊ का चपट्या?" मी चपट्या घेतल्या. वाकवून मग कापल्या. शाळेतून आल्यावर रोज तासभर वाजवते. पार्टीतल्या सगळ्यांना सांगून टाकलंय की एप्रिलच्या जयंतीला बेसवर मी बसणार आहे. कुणी नाक मुरडलं, कुणी खूश झालं. मला दोन्हीचं काही वाटलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नांदेडच्या तारा कुठल्या कंपनीच्या होत्या ते मला माहीत नाही, कारण त्या दोन निरनिराळ्या संचांतल्या उरलेल्या होत्या आणि चार वेळा उकळलेल्या होत्या. घरात आहेत का, तर आहेत. चारही एकीला एक जोडून मी न्हाणीपाशी दोन खिळ्यांना बांधल्यात. ही ओळ लिहिताना त्यांच्यावर आईचं लुगडं वाळतं आहे. वाळलं की काढून पाठवते, लाव आणि वाजव. त्या कॅसेटवाल्याला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी त्याला पत्र लिहिणार नाही, मुंबईला येऊन तमाशा करणार नाही. तुझं पोट त्यावर आहे हे मला अजूनही कळतं. राग आला म्हणून मी तुझी बहीण राहिले नाही असं नाही.

मग हे सगळं लिहिते कशाला? तू आईची तब्येत एका ओळीत विचारलीस, त्याचं उत्तर तिने तुला कळवू नको म्हणून सांगितलं होतं. तरी कळवते. तिचे कान चाललेत. सरकारी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, आधी बारीक आवाज जातात, जाड आवाज शेवटी, पण तेही वर्षभराच्या आत बरेचसे जातील, इलाज नाही. ती आता रोज दुपारी टेप मांडीवर घेऊन, त्याच्यावर तळहात ठेवून बसते. पेटी तिला ऐकू येत नाही. बाबांचा गळासुद्धा ऐकू येत नाही, त्याचं तिला फार वाईट वाटतं. त्या अख्ख्या कॅसेटमधली फक्त बेस गिटार तिच्यापर्यंत पोचते. मला म्हणते, "माझ्या सूर्याचा हात तेवढा कळायलाय बघ. बाकी समदं गेलं." मी तिच्या शेजारी भाजी निवडत बसलेली असते, सूर्यभान. मी सांगू शकत नाही. एकदा तोंड उघडलं होतं, पण वाटलं, ती म्हणेल पोरगी भावावर जळायलीय, आणि भाजी घेऊन आत निघून गेले. म्हणून तू लिही. मला नको, तिला लिही, तुझ्या अक्षरात, एकच ओळ, की आई, तो हात अक्काचा आहे. तिला वाचता येत नाही, तुझी पत्रं मीच वाचून दाखवते, आणि हल्ली तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून वाचावी लागतात. परवा तुझं तारांचं पत्र मी असंच ओरडून वाचलं, तर मालनबाई दारात येऊन विचारून गेल्या की काय हरवलंय. तुझी ओळ आली की तीही मला तशीच ओरडून वाचावी लागेल, दोनदा, तीनदा, तिला कळेपर्यंत. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल. जाऊ दे.

तुझीच,
सत्यशीला किशनराव